‘रन आउट’ : संपलें म्हणजे काय?



‘रन आउट’ हे दोन शब्द आपल्या घरांतील मुलांना इंग्रजी शिकण्यापूर्वींच ठाऊक असतात. क्रिकेटचा गडी धांव पुरी करण्याआधीं यष्टी पडली कीं तो ‘रन आउट’, म्हणजे धावबाद. पुढें तेच शब्द शाळेच्या पुस्तकांत निराळ्या अर्थानें भेटतात आणि मुलें गोंधळतात.

इंग्रजींत साध्या क्रियापदाला ‘आउट’, ‘अप’, ‘ऑफ’ यांसारखें अव्यय जोडलें म्हणजे पुष्कळदां अगदीं नवा अर्थ निघतो. ‘रन आउट’ म्हणजे जवळचा सांठा वापरतां वापरतां संपणें. ‘द वॉटर हॅज रन आउट’ हें वाक्य मराठी मुलाला सोपें जातें. कारण ‘पाणी संपलें’ या वाक्याप्रमाणेंच तेथें पाणी हाच कर्ता. अडचण येते ती ‘वुई हॅव रन आउट ऑफ वॉटर’ येथें. शब्दशः अर्थ लावणारा विद्यार्थी ‘आम्ही पाण्यांतून धांवत बाहेर आलों’ असें लिहून मोकळा होतो! वास्तविक अर्थ इतकाच कीं, आमच्याजवळचें पाणी संपलें. मराठींत ज्याला आपण षष्ठींत बसवितों तो इंग्रजींत कर्ता होतो, आणि संपलेल्या वस्तूच्या आधीं ‘ऑफ’ लागतो. तो गाळणें ही नेहमींची चूक.

मात्र प्रत्येक ‘संपणें’ म्हणजे ‘रन आउट’ नव्हे. सभा संपते, गोष्ट संपते. तेथें हा प्रयोग चालणार नाहीं. साखर, पैसा, वेळ, धीर, कराराची मुदत, म्हणजे जें खर्च होत जातें, त्यालाच तो शोभतो.

आपल्याकडील उदाहरण घेऊं. २०१६ सालीं मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिलला पोहोंचलेल्या पहिल्या गाडीच्या १० टाक्यांत सुमारें ५ लक्ष लिटर पाणी होतें. ‘लातूरचें पाणी संपलें’ म्हटलें कीं जणूं पाणी आपल्याच पायांनीं निघून गेलें. इंग्रजी वाक्यांत लातूर कर्त्याच्या जागीं येतें, आणि मग प्रश्न सहज उठतो: पाऊस किती कमी पडला, उसाला किती गेलें, विंधनविहिरींनीं किती उपसलें? मराठी यांत उणी नाहीं. ‘आपण पाणी संपविलें’ असें म्हणण्याची सोय तिच्यांत आहे. आपण ती क्वचित् वापरतों.

या क्रियापदाचें सर्वांत उपयोगी रूप अपूर्ण वर्तमानकाळाचें: ‘वुई आर रनिंग आउट ऑफ वॉटर’. म्हणजे पाणी संपत आलें आहे, पण अजून थोडें शिल्लक आहे. जाणती गृहिणी डब्यांत चार दिवसांची साखर असतांनाच ‘साखर संपत आली’ असें बजावते. लातूरकरांनीं मांजरेकडे आणि आम्हां नांदेडकरांनीं गोदावरीवरील विष्णुपुरीच्या जलाशयाकडे पाहून हें वाक्य वेळेवर उच्चारावें. पूर्ण वर्तमानकाळ लागू झाला म्हणजे आगगाडीची वाट पाहणें एवढेंच हातीं उरतें.