चिंधी बांधलेलं बोट



बडनेरा जंक्शनवर गाडी थांबली की आलूबोंडेवाल्यांच्या आरोळ्या सुरू होतात. अमरावतीला जाणारे कितीतरी प्रवासी इथेच उतरतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नाही. गिऱ्हाईक तेल काळं झालंय का ते बघतं. सारण कालवणारा हात कोणी बघत नाही.

उकडलेले बटाटे भल्या पहाटे गंजात कुस्करतात, त्यात मिरची, हळद, सांबार (कोथिंबीर) पडतो. कालवणाऱ्या पोराच्या बोटाला चिंधी असते, कारण काल चाकू लागलेला असतो आणि आज जखम पिकलेली असते. अशा पुवात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे जिवाणू असू शकतात. चांगल्या धडधाकट माणसांतही साधारण तिघांत एकाच्या नाकात ते मुक्काम करून असतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो. सारण चार-पाच तास तसंच राहिलं, की हे जिवाणू वाढतात आणि विष सोडतात. तळताना जिवाणू मरतात, पण विष अर्धा तास उकळूनही टिकतं. म्हणून 'गरमागरम आहे, खा बिनधास्त' यावर विसंबू नका. ओकाऱ्या सुरू होतात त्या दोन-चार तासांनी, गाडी भुसावळच्या आसपास पोचल्यावर. तक्रार बडनेऱ्याला येणार कशी?

2011 च्या अन्न सुरक्षा नियमांत कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. ती हवीच. पण जानेवारीतल्या दाखल्यात मे महिन्यातली जखम कशी दिसणार? त्याच नियमांत उघडी जखम असलेल्याने अन्नाला हात लावू नये असंही आहे. पोराला ते ठाऊक असलं तरी तो बोट लपवतो, कारण घरी बसला तर त्या दिवसाची रोजी बुडते.

न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनचंही असंच झालं. ही स्वयंपाकीण स्वतः ठणठणीत, पण तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते. 1910 साली स्वयंपाक न करण्याच्या अटीवर तिला सोडलं. धुण्याच्या कामात पैसे कमी, म्हणून ती नाव बदलून पुन्हा चुलीपाशी गेली. 1915 मध्ये ती स्वयंपाक करत होती त्या रुग्णालयात 25 जणांना टायफॉइड झाला, दोघं दगावली. अटी घालणाऱ्यांनी तिला स्वयंपाकाइतके पैसे मिळतील अशी सोय लावली नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं.

हॉटेलमालकहो, कामगाराचे हात रोज सकाळी स्वतः बघा. फोड, जखम, जुलाब असेल तर रागावू नका, नाहीतर उद्यापासून तो सांगणारच नाही. जुलाब असेल तर घरी पाठवा. बोट पिकलेलं असेल तर बरं होईपर्यंत गल्ल्यावर बसवा. दोघांनाही रोजी मात्र पूर्ण द्या.