गाडी नेमकी कधी तापते?
जुनी मारुती ओम्नी तापू लागली की पहिला घाव थर्मोस्टॅटवर पडतो: काढून टाका, आपल्या उष्ण हवेत त्याची गरजच काय? हा सल्ला मला घातक वाटतो. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचतं, पेट्रोल जास्त जळतं, झीज वाढते आणि मूळ दोष झाकलेलाच राहतो. तो अडकला असेल तर नवा बसवावा, पण आधी गाडी कधी तापते ते पाहावं. रहदारीत तापून मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येत असेल, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर. त्याचा फ्यूज, रिले आणि वायरिंग तपासावं. घाटात किंवा वेगात तापत असेल, तर रेडिएटर चोंदलेला असण्याची शक्यता मोठी.

वर्षानुवर्षं नुसत्या पाण्यावर गाडी चालली, असं कुणी म्हणेल. चालली, पण आत गंज आणि क्षार साचवत. कूलंट गंज रोखतं, उकळबिंदूही वर नेतं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे गळती चटकन दिसत नाही. पाणी वारंवार कमी होत असेल तर सीट उचलून होसपाइप आणि वॉटर पंप पाहावाच. मात्र इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं उकळतं पाणी थेट अंगावर उसळतं.