क्षयरोग आणि आपली घरे
(ज्ञातिमंडळाच्या मुलुंड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आनंदाच्या प्रसंगी क्षयरोगावर बोलू दिल्याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. हा विषय अनेकांस रुचणार नाही, हे मी जाणतो. आपल्या वधूवर-नोंदवहीचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. तीतील ‘प्रकृती’ या रकान्यात ‘उत्तम’ यावाचून दुसरा शब्द माझ्या वाचनात आला नाही.

माझ्या लहानपणी घाटकोपरच्या चाळीत आमच्या आत्याच्या खोकल्यातून रक्त पडू लागले. तिचे ताट, पेला आणि वळकटी मागल्या गॅलरीत गेली. शेजाऱ्यांस दमा म्हणून सांगण्यात आले, कारण धाकट्या आत्याचे लग्न ठरावयाचे होते. चार महिन्यांत खोकला थांबला आणि घरच्यांनी औषधही थांबविले. दोन वर्षांनी ती गेली. भांडी वेगळी करून काहीच साधले नव्हते. हा रोग भांड्यांतून नव्हे, खोकल्यासरशी हवेत उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून पसरतो.

रोग्याला घरी ठेवावे की दूर धाडावे, याचा निर्णय शास्त्राने तत्पूर्वीच केला होता, हे मला पुढे वैद्यकाचा विद्यार्थी झाल्यावर कळले. १९५६ साली मद्रास येथे १९३ रोग्यांवर एक प्रयोग सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट पाडले. एक आरोग्यधामात राहिला, दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरी. दोघांस वर्षभर तीच औषधे दिली: आयसोनियाझिड आणि पास. आरोग्यधामात विश्रांती होती, अन्न सकस होते. घरी यांपैकी पुष्कळसे नव्हते. तरीही १९५९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष जवळजवळ सारखे निघाले. रोग्यांच्या कुटुंबीयांवर पुढे पाच वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा घरी राहिलेल्या रोग्यांमुळे त्यांस अधिक बाधा झाल्याचे आढळले नाही. औषध नियमित चालू झाले की संसर्गाची शक्ती झपाट्याने ओसरते. घरच्यांस मुख्य धोका असतो तो निदानापूर्वीच्या, लपवालपवीच्या दिवसांत. त्या गरीब मद्रासकरांचे ऋण जगभरच्या रोग्यांवर आहे.

आता मुंबईचे पाहू. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धारावीतील शंभरएक खासगी डॉक्टरांनी या एका रोगासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्या. २०१० च्या तशाच पाहणीत १०६ पैकी अवघ्या सहांची चिठ्ठी अचूक होती. हे माझेच व्यवसायबंधू. मग लाज कोणाकोणाची झाकावी? चुकीच्या चिठ्ठ्या आणि अर्धवट सोडलेले उपचार यांतूनच औषधांस न जुमानणारे जंतू निपजतात. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी असे चार रोगी नोंदविले, की ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालेना. अशा हट्टी क्षयासाठी केवळ गोळ्यांची, सहा महिन्यांची नवी योजना आपल्या सरकारने २०२४ साली मान्य केली आहे. परंतु ती मिळण्यासाठी रोग्याने पुढे तर यावयास हवे!

दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. राष्ट्रीय कार्यक्रमात औषधे विनामूल्य मिळतात. २०१२ पासून प्रत्येक रोग्याची नोंद सरकारकडे करणे डॉक्टरांस बंधनकारक आहे. पण ती नोंद चाळीच्या फळ्यावर लागत नाही, की आपल्या नोंदवहीतही येत नाही.

सभा संपल्यावर मी मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांस काही विचारावयाचे असेल त्यांनी यावे. नाव सांगण्याचे कारण नाही.