देहातील भट्टी आणि तिचे कोठार



ज्या गावाचे नाव भट्टीमुळे देशभर झाले, त्या भिलाईत देहातील अग्नीविषयी बोलणे मला उचित वाटते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि कोक वरून पडतात व खालून तप्त लोहरस वाहू लागतो. त्या भट्टीपुढे उभा राहणारा कामगारही एक भट्टी सांभाळीत असतो; मात्र ती सदतीस अंशांच्या मंद आचेवर चालते. इतक्या अल्प उष्णतेत ती अन्नातून ऊर्जा कशी काढते, आणि अन्न नसताना ती विझत का नाही, हे आजचे दोन प्रश्न होत.

छत्तीसगढ हा भाताचा मुलूख. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी कांदा, मिरची व चटणीबरोबर ‘बासी’ म्हणून खाण्याची चाल येथे जुनी आहे. २०२२ साली राज्य शासनाने १ मे या श्रमिकदिनी बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले आणि कष्टकऱ्याच्या या न्याहारीला प्रतिष्ठा लाभली. भातातील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य कड्यांची साखळी. लाळेतील व स्वादुपिंडातील विकर ती तोडतात आणि सुटे झालेले ग्लुकोज आतड्यातून रक्तात उतरते. शिजवून गार केलेल्या भातातील थोडे पिष्ट मात्र या विकरांना दाद देत नाही. ते मोठ्या आतड्यातील जीवाणूंच्या वाट्याला जाते.

प्रौढ माणसाच्या सर्व रक्तात मिळून ग्लुकोज असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर! एकटा मेंदूच दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खर्च करतो. तेव्हा कोठार हवेच. १८५७ साली फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी यकृतातून ते शोधून काढले. त्यातील द्रव्यास ग्लायकोजेन म्हणतात. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते आणि त्याच्या आज्ञेने ग्लुकोजचे कण पुन्हा जोडले जाऊन साठविले जातात.

अशी कोठारे दोन आहेत. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते आणि स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम. यकृताचे कोठार सार्वजनिक आहे. रात्रभर उपाशी असताना ते रक्तात ग्लुकोज सोडीत राहते. स्नायूंचे कोठार खाजगी आहे. ग्लुकोज मोकळे करून रक्तात धाडणारा विकरच स्नायूंपाशी नसल्याने त्यांचा साठा त्यांच्याच कामी येतो. जड काम करताना स्नायू लॅक्टिक अम्ल रक्तात सोडतात आणि यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते. हे चक्र कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने ओळखले जाते. ग्लायकोजेनचे विघटन कसे होते याच्या शोधाबद्दल त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मग निसर्गाने हे कोठार मोठे का केले नाही? ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी बाळगते. त्याचे ओझे फार होते. चरबी कोरडी असते आणि तिच्या एका ग्रॅमात नऊ किलोकॅलरी असतात, कर्बोदकात चारच. म्हणून दीर्घ मुदतीची ठेव चरबीच्या रूपाने राहते. कोठारे भरली की शरीर कर्बोदके अधिक जाळते आणि आहारातील चरबी राखून ठेवते; जादा ग्लुकोजचा काही अंशही चरबी बनतो.

प्रत्यक्ष ज्वलनाची हकीकत आपल्या देशाला अभिमानास्पद आहे. पेशी ग्लुकोज एकदम पेटवीत नाहीत. पायरीपायरीने त्याचे ऑक्सिडीकरण करून निघालेली ऊर्जा एटीपी या रेणूत बांधतात. १९२९ साली हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासह हा रेणू शोधणारे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रचे. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही तो स्वतंत्रपणे शोधला. या ज्वलनसाखळीच्या शेवटाकडे सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन असते. ते वनस्पतींच्या पेशींतही असते हे कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी केंब्रिज येथे दाखविले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळविली. ऑक्सिजनशिवाय एका ग्लुकोजपासून दोनच एटीपी लाभतात; ऑक्सिजन मिळाला तर सुमारे तीस.

आता या विषयाचा आपल्या घराशी असलेला संबंध पाहू. उन्हात घमेली उचलणाऱ्याची कोठारे रोज रिकामी होत. त्याचे भाताचे ताट हिशेबात बसत असे. आज पुष्कळांचे काम नियंत्रणकक्षातील खुर्चीत बसून चालते. ताट मात्र तेच राहिले आहे. भरलेल्या कोठारात आणखी धान्य कोण घेईल? सतत असे चालले की इन्शुलिनची आज्ञा क्षीण होते आणि मधुमेह दाराशी येतो. रात्रपाळी करणाऱ्यांनी तर अधिकच जपावे, कारण तेच जेवण रात्री घेतले असता रक्तातील साखर दिवसापेक्षा अधिक चढते.

म्हणून भाताला दोष देऊ नये. काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहताही रक्तातून ग्लुकोज उचलतो, हे ध्यानात ठेवावे. जेवणानंतर पाव तास चालणे, रात्रपाळीत मध्यरात्रीचे जेवण हलके ठेवणे, ताटात भाताइतकेच डाळीला व भाजीला स्थान देणे आणि वेळोवेळी रक्त तपासून घेणे, एवढे तरी प्रत्येकाला साधण्याजोगे आहे. भट्टीत कोक किती घालावा हे लोखंडाच्या मागणीवरून ठरते. आपल्या ताटाचे प्रमाणही आपल्या श्रमावरून ठरवावे, एवढीच माझी विनंती आहे.