समोर बसून शिकताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सॉफ्टवेअर क्षेत्रावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. त्याबद्दल तुमच्या घरातली मुलंच तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. गेली चार वर्षं मी मृदंग शिकते आहे, आणि आज त्याबद्दल बोलणार आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे, तेव्हा जेवणाची घाई करू नका.

१९९६ ला आपण दहावी झालो तेव्हा आपला जिल्हा परभणी होता. हिंगोली वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. तोवर आपल्यातले बरेच जण शिकायला बाहेर पडले होते. मीही इंजिनिअरिंग केलं आणि पुण्यात नोकरीला लागले. मग करोना आला, घरून काम सुरू झालं आणि मी आईवडिलांकडे हिंगोलीला येऊन राहिले. २०२१ च्या दिवाळीनंतर, औंढ्याच्या रस्त्याला एका गावात राहणाऱ्या मृदंगाचार्यांकडे जायला लागले. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढं. आयुष्यभर सप्ताह, काकडा, दिंडी यांत वाजवलेला माणूस. गावात सगळे त्यांना महाराज म्हणतात, मीही तेच म्हणते.

वारकरी ज्याला मृदंग म्हणतात त्यालाच शास्त्रीय संगीतात पखवाज म्हणतात. एका अखंड लाकडाचं खोड, दोन्ही तोंडांना चामड्याच्या पुड्या. उजव्या पुडीला कायमची शाई असते. डाव्या बाजूला मात्र दर वेळी ताजी कणीक मळून लावायची आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ येतो, जास्त झाली तर तो दबतो. उजवी बाजू सुरात आणायला वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे हातोडीनं ठोकून सरकवायचे. माझे पहिले आठ दिवस कणीक मळण्यातच गेले. आईला वाटलं, लेकीनं पोळ्यांचा क्लास लावला.

त्यानंतर वाजवायला मिळेल असं वाटलं, पण नाही. महाराजांनी मांडीवर टाळी देत चौताल तोंडानं म्हणायला लावला. बारा मात्रा: धा धा, दिं ता, किट धा, दिं ता, तिट कत, गदि गन. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेला टाळी. तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला खाली, म्हणजे हात नुसता उलटा. मी म्हटलं, हे पाठ झालं. ते म्हणाले, "पाठ झालं ताई, पण अजून तुझ्या तोंडात बसलं नाही. तोंडाला येत नाही ते हाताला कसं यील?" पंधरा दिवस तोंडानंच. मग नुसता 'धा'. मग संथ लयीत ठेका, आणि तो थिर झाल्यावर दुगुन.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही म्हणाल, हे सगळं मोबाईलवर मिळतं. मिळतं, आणि मीही बघते. मोठमोठ्या कलावंतांचा हात जवळून दिसतो, हवं तिथं थांबवता येतं. पण व्हिडिओ आपल्याला दिसतो, व्हिडिओला आपण दिसत नाही. महाराज समोर बसतात, डोळे मिटून ऐकतात. तिसऱ्या आठवड्यात डोळे न उघडता म्हणाले, "उजवा हात पुढं पळतो, डाव्याला संगं घे." दिवसभर उजव्या हातात माऊस धरणाऱ्या बाईचा डावा हात मागं राहणारच. त्यांनी मला रोज पाच मिनिटं नुसता डाव्या हाताचा 'घे' वाजवायला दिला. माझ्यानंतर येणारा नववीतला मुलगा उलट्या तऱ्हेचा. त्याचे दोन्ही हात सारखे, पण लय धावायची. त्याला त्यांनी महिनाभर संथ हरिपाठाच्या साथीला बसवलं. ठेका एकच, दोघांना औषध वेगळं. हे औषध समोर बसलेल्या माणसाकडूनच मिळतं.

आता थोडं गणित, कारण आपले गणिताचे सर समोर बसलेत. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येणं. 'तिट कत गदि गन धा' हा बोल पाच मात्रांचा. तीनदा म्हणजे पंधरा. शेवटचा 'धा' समेवर पडायला हवा, म्हणजे त्याआधी चौदा मात्रा हव्यात. चौतालाचं आवर्तन बाराचं, म्हणून आधीच्या आवर्तनाच्या अकराव्या मात्रेपासून सुरुवात करायची. कागदावर हे मी दोन मिनिटांत काढलं. हाताला यायला चार महिने लागले. कारण हात तिहाई वाजवत असतात तेव्हा मनात ठेका चालूच ठेवावा लागतो, आणि दोन्ही एकमेकांना ओढत असतात. महाराजांना माझा कागद दाखवला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तिसरा फेरा नवव्या मात्रेवर येतो. तिथं ठेक्यातही तिट कत गदि गनच आहे. म्हणजे शेवटी तू घरातच आलेली असते. भ्यायचं कशाला?" गणित माझंच होतं, पण त्यातलं हे घर मला दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून तिहाई जमायला लागली.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. नर्सी ही नामदेवांची जन्मभूमी मानली जाते. नामदेवांसारख्या भक्तालाही गुरू करावा लागला, आणि विसोबा खेचरांची भेट औंढ्याला नागनाथाच्या देवळात झाली, असं परंपरा सांगते. पखवाजाच्या इतिहासातही असंच दिसतं. पानसे घराण्याचे नानासाहेब पानसे मूळचे वाईकडचे. ते इंदूरला गेले, शिष्य बसवले, आणि त्या शिष्यांच्या शिष्यांमधून ती विद्या आजवर आली. १९१७ मध्ये जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. आज तिथं कीर्तनाबरोबर मृदंगही शिकवतात आणि आपल्याकडची कितीतरी मुलं शिकायला आळंदीला जातात. पण घर सोडून जाणं सगळ्यांना जमत नाही. मुलींना तर फारच कमी.

मुलींचं सांगते. आपल्या लहानपणी सप्ताहात आपण मुली एका बाजूला बसायचो, टाळ्या वाजवायचो. मृदंगाला हात लावू नको, असं मला कुणी कधी म्हटलं नाही. शिकतेस का, असंही कुणी विचारलं नाही. मनाई नव्हती, नुसतं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री त्याच्या कितीतरी आधीपासून तबल्याचं एकल वादन करत होत्या. इंदूरच्या चित्रांगना आगळे-रेशवाल पखवाज वाजवतात. हे मला चाळिशीत कळलं. आज महाराजांकडे नऊ जण शिकतात, त्यांत दोन मुली आहेत. एकीची आजी रोज येऊन दाराशी बसते आणि टाळी मोजते. तिची खाली कधी चुकत नाही.

आता महाराजांचं. त्यांचा हात अलीकडे थोडा थरथरतो. ठेका धरला की थरथर थांबते, पण चौगुन आता ते वाजवत नाहीत, तोंडानं म्हणून दाखवतात. त्यांच्या गुरूंकडून आलेले बोल, परणी, साथीच्या चाली, सगळं त्यांच्या डोक्यात आहे. मी लॅपटॉपवर उतरवून घेते आहे, आवाजही मुद्रित करते. पण कुठला 'धा' भरून वाजवायचा, कुठला सोडून द्यायचा, कीर्तनकाराचं पाऊल उचललं की लय कशी ओळखायची, हे माझ्या फाईलमध्ये येत नाही. ते शिष्याच्या हातातच उतरतं. नऊ जणांतला एखादाच टिकतो, हा त्यांचा आजवरचा अनुभव.

शिष्य का टिकत नाहीत? येण्याजाण्याचा खर्च, शाळेची वेळ, शिकवण्या, हे एक कारण. दुसरं आपल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त आपण बोलत नाही. वारकऱ्यांत शिकवण्याचे पैसे मागायची रीत नाही. मान मिळतो, शाल मिळते, नारळ मिळतो. शाल-नारळावर घर चालत नाही. मी दर महिन्याच्या १ तारखेला पाकीट पोथीजवळ ठेवते. ते हातात घेत नाहीत आणि मीही हातात देत नाही. पण त्यांच्या धाकट्या मुलानं मृदंग सोडून हळदीच्या आडतीत काम धरलं ते यामुळंच, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

म्हणून माझं मागणं. आपल्या मेळाव्याचा निधी शिल्लक राहणार आहे. त्यातून शाळेला प्रोजेक्टर द्यावा अशी सूचना आली आहे. चांगली आहे, तोही द्या. पण त्याबरोबर दोन मृदंग घेऊ, आणि वर्षभराचं ठरलेलं मानधन बाजूला काढू. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर आठवी-नववीची पाच मुलं, त्यांत निदान दोन मुली, महाराजांसमोर बसतील. वर्ग भरवायचा नाही. एकेकानं समोर बसायचं, बाकीच्यांनी टाळी धरायची. महाराजांना मी विचारलं आहे. ते म्हणाले, "पोरं आणा, बाकी बघू." शाळेनं एक खोली आणि कणकेपुरतं पीठ द्यावं. पुडी बदलण्याचा खर्च माझ्याकडे.

आपल्या वर्गात बाकावर ठेका धरून सरांचा मार खाल्लेले किमान तिघं इथं बसलेत. त्यांनी हात वर करायची गरज नाही, आम्हाला नावं माहीत आहेत. शनिवारी मुलांना आणणं-सोडणं त्यांनी वाटून घ्यावं. मी पुण्याहून दोन महिन्यांतून एकदा येते. त्या शनिवारी मीही त्या मुलांच्या रांगेत बसेन, माझा नंबर शेवटचा.

महाराज आहेत तोवर हे करू या. येत्या जूनला शाळा उघडेल तेव्हा पहिला शनिवार धरायचा का, एवढं आज जेवायच्या आधी ठरवा.

रामकृष्ण हरी.