सावलीतली सोबत



आंब्याखाली हिरवळ लावली, पण जगली नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती जगणार नव्हतीच. गवताला ऊन लागतं. मग आपण नर्सरीत जाऊन विचारतो, ‘सावलीत काय चालेल?’ माझ्या मते आधी विचार करावा तो वरच्या झाडाच्या पाण्याचा.

फळत्या आंब्याला पावसाळा संपल्यापासून मोहोर येईपर्यंत कोरडं राहू द्यावं लागतं. पाणी देत राहिलात, तर मोहोराऐवजी पालवी फुटण्याचा संभव. अशा झाडाखाली रोज पाणी मागणारी वेल लावणं म्हणजे पानांसाठी आंब्यांवर पाणी सोडणं! तिथे झोपाळू कंदच बरे. हळद मृगाच्या सुमाराला लावा. पावसाळाभर ती जमीन झाकते आणि थंडीत पिवळी पडून निजते. तिच्या शेजारी भुईचाफा. त्याचीही पानं हिवाळ्यात जातात, पण उन्हाळ्यात पानांच्या आधीच, थेट मातीतून पांढरी-जांभळी सुवासिक फुलं वर येतात. कंद दोन-तीन बोटं खोल पुरेत. कुदळ जपून चालवा, कारण आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं बरीचशी वरच्या थरातच असतात. कंद निजलेले असताना जमिनीवर आंब्याचाच पालापाचोळा राहू द्यावा. तो झाडून पेटवून द्यायची आपल्याकडे काय हौस आहे, कोण जाणे.

नारळ-सुपारीच्या वाडीत उन्हाळ्यातही शिंपणं असतंच. त्याच ओलाव्यावर पिंपळी छान पसरते. ही मिरीच्याच कुळातली, पण जमिनीवर रांगणारी. म्हणून खोडावर मिरी आणि पायाशी पिंपळी, अशी जोडी जमते. तीन-चार पेरांचे तुकडे पावसाच्या सुरुवातीला दोन-दोन फुटांवर लावावेत. कणसं काळपट हिरवी झाली की तोडून वाळवायची. औषधासाठी त्यांना मागणी असते. पाटाच्या कडेला, जिथे ओल हटत नाही, तिथे कारिवणा आपला आपण पसरतो.

एक वेल मात्र टाळा. चकचकीत पानांची, पिवळ्या फुलांची वेडेलिया नर्सरीत स्वस्तात मिळते. ती मूळची उष्ण अमेरिकेतली, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. तुकडा पडेल तिथे ती रुजते, आणि दाट सावलीत धड फुलतही नाही. शेजाऱ्यांनी फुकट दिली तरी घेऊ नका.