तालुक्याच्या कॉलेजातील पहिली दोन वर्षे



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली, तेव्हा आम्ही मजुरीचे दर, बोनस किंवा नवे कामगार कायदे यांवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. ते तर आम्ही वर्षभर बोलतच असतो. आज बोलायचे आहे ते निराळ्या गोष्टीबद्दल. मार्केटातल्या हमालाच्या, जिनिंगमधल्या बाईच्या, एस.टी.च्या वाहकाच्या मुलांनी चोपड्यास राहून इतिहास, मराठी, अर्थशास्त्र, चित्रकला असले विषय शिकावेत काय, आणि दोन वर्षे येथे काढून पुढे जळगाव-पुण्या-मुंबईस जाता येते काय, हा आजचा विषय आहे.

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून काढलेला नाही. दर जूनमध्ये तो युनियनच्या कचेरीत चालत येतो. एका हमालबंधूने मुलीची गुणपत्रिका टेबलावर ठेवली आणि विचारले, "अण्णा, चित्र काढीसन पोट भरस का?" पोरीला चित्रकलेत गती होती, इतिहासात चांगले गुण होते, आणि घरात मत असे की आय.टी.आय. तरी करावे नाहीतर लग्न तरी. आम्ही तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. असल्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणारा मनुष्य एकतर पुढारी असतो किंवा क्लासवाला.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मंडळी आमच्याकडेच बोट दाखवून म्हणतात, "तुम्ही कोठे कॉलेजात गेलात? अण्णा भाऊ साठे तर दीड दिवस शाळेत गेले. आपल्या बहिणाबाईंना अक्षरओळखही नव्हती, आणि आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे." हे खरे आहे. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते म्हणून त्यांची गाणी मोठी झाली नाहीत. सोपानदेवांसारखा शिकलेला मुलगा घरात होता म्हणून ती कागदावर टिकली, आणि बाई १९५१ साली गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक निघाले. ज्यांच्या घरी सोपानदेव नव्हते अशा किती बायांची गाणी जात्याबरोबर विरून गेली, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

आम्ही वाचनालयाच्या बाकावर शिकलो. त्याचे कौतुक लोक करतात. त्यातली उणीव आम्हांला ठाऊक आहे. आपल्याआपण वाचणाऱ्या माणसाला क्रम नसतो. आम्ही रशियाच्या क्रांतीचा इतिहास वाचला आणि आपल्या जिल्ह्यातल्या गिरण्यांचा नंतर. ताळेबंद कसा वाचावा हे कळण्याआधी ताळेबंदाविरुद्ध भाषणे केली. आणि सर्वांत मोठी उणीव ही की आम्हांला कोणी आडवे प्रश्न विचारले नाहीत. वर्गात मास्तर असतो, शेजारी दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या मताचा पोरगा असतो, तो म्हणतो, "हे कशावरून?" बाकावर पुस्तक एकटे असते आणि आपण त्याला माना डोलावतो. तेव्हा आमच्यासारख्याचे उदाहरण देऊन कोणाच्या मुलाला कॉलेजातून मागे ओढू नका.

दुसरा मुद्दा कलेचा. चित्र, शिल्प, तत्त्वज्ञान ही मुंबई-पुण्याची मिरास आहे आणि आपण खानदेशकरांनी कापूस व केळी पिकवावीत, असे आपल्यालाच वाटू लागले आहे. वस्तुस्थिती उलट आहे. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली निघाले. त्याचे प्रमुख ग्रिफिथ्स साहेब १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कोठे येत होते? अजिंठ्याला. लेण्यांतल्या भिंतींवरची चित्रे उतरवून घ्यायला. त्यांतल्या बऱ्याच नकला पुढे लंडनच्या आगीत जळाल्या, ही वेगळी हळहळ. पण जळगावाहून एस.टी.ने जेथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते, त्या ठिकाणी मुंबईचे कॉलेज शिकायला येत होते, एवढे ध्यानात ठेवा.

अंमळनेरला प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढले. साने गुरुजी त्या निमित्ताने या मुलखात आले आणि प्रताप हायस्कुलात मास्तर झाले. प्रताप कॉलेज १९४५ चे. गिरणीच्या नफ्यातून वेदान्ताचा अभ्यास चालला, यावर आम्ही युनियनवाले एक खोचक शब्द बोलू शकतो. तो पैसा साच्यावर उभे राहणाऱ्यांच्या घामाचा होता. पण तो पैसा दुसरीकडेही जाऊ शकला असता, हेही खरे. आणि तत्त्वज्ञान शिकलेले तेच गुरुजी पुढे गिरणी कामगारांच्या सभांतून उभे राहिले. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्या नगराची सजावट करायला नंदलाल बोस आले आणि बांबूसारखे गावचे साधे सामान घेऊन त्यांनी ती उभी केली. फैजपूर येथून किती लांब आहे ते तुम्हांला सांगायला नको.

माणसेही याच मातीची. धुळ्याजवळचे गोंदूर हे राम सुतार यांचे गाव. जन्म १९२५, घर सुतारकाम करणाऱ्याचे. गुरुजनांनी हात ओळखला, गावाकडे पाया घातला, आणि मग ते मुंबईस जे. जे.मध्ये गेले. नर्मदेकाठी २०१८ साली उभा राहिलेला १८२ मीटर उंचीचा वल्लभभाईंचा पुतळा त्यांच्या कल्पनेतला. आधी घराजवळ कोणीतरी हात धरला, मग मोठ्या शाळेने धरला. आम्ही ज्या दोन पायऱ्यांविषयी बोलत आहोत त्या ह्याच.

अमेरिकेत ही व्यवस्था रीतसर आहे. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली पहिले सरकारी ज्युनियर कॉलेज निघाले; तशांना तेथे पुढे कम्युनिटी कॉलेज म्हणू लागले. घरी राहून, नोकरी करीत, कमी फीत पहिली दोन वर्षे काढायची. त्यांत भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, चित्र, संगीत हे सगळे येते. मग ते जमा झालेले श्रेयांक घेऊन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला बसायचे. मोटार-कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा असा प्राध्यापक होतो. आपल्याकडे हे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या योजनेच्या काळात आणले, पण आणताना मुख्यतः कौशल्याचे अभ्यासक्रम घेतले आणि इतिहास-तत्त्वज्ञान बोटीतच ठेवले. कौशल्याला आमचा विरोध नाही; वेल्डिंग येणाऱ्या पोराला आम्ही सलाम करतो. पण कामगाराच्या मुलाला हात द्यावा आणि डोके दुसऱ्याच्या मुलाला द्यावे, ही वाटणी कोणी केली?

आता आपल्या गावाकडे येऊ. पूर्वी पदवीसाठी तापी ओलांडून अंमळनेर किंवा जळगाव गाठावे लागे. आज महात्मा गांधी शिक्षण मंडळाचे महाविद्यालय येथे आहे, भगिनी मंडळाचे ललित कला केंद्र आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा मुलगा सकाळच्या गाडीने येतो आणि संध्याकाळी घरी जातो. मुंबईत खाटेचे भाडे आणि खानावळ यांतच बापाची निम्मी मजुरी जाईल. मुलींचे तर विचारूच नका. पुण्याला पाठवत नाहीत, चोपड्याला पाठवतात. दोन वर्षांत मुलगी वीस वर्षांची होते, चार माणसांत बोलू लागते, आणि मग तिला पुण्याला नाही म्हणणे बापालाच जड जाते. हा फायदा कोणत्याही माहितीपुस्तकात छापलेला नसतो.

पण अडचण दुसऱ्या पायरीवर आहे. आमच्या एका सभासदाच्या मुलाने येथे दोन वर्षे पास केली आणि तो मोठ्या शहरातल्या एका कॉलेजात गेला. त्या कॉलेजाचे नाव घेत नाही. तेथे सांगितले की एक विषय जुळत नाही, वर्ष पुन्हा करा. कोणत्या नियमाने, ते कोणी लिहून दिले नाही. आम्ही पत्रे लिहिली. उत्तर येईपर्यंत पोरगा दुसऱ्या वर्षाला पुन्हा बसला होता. श्रीमंताच्या मुलाचे वर्ष जाते तेव्हा वर्ष जाते; हमालाच्या मुलाचे वर्ष जाते तेव्हा बहुधा शिक्षण जाते.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने यावर तोड काढली आहे. २०२१ पासून श्रेयांकांची पेढी आहे. शिकलेले तेथे जमा राहते आणि दुसऱ्या संस्थेत वापरता येते. एक वर्ष करून सोडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका, तीनवर पदवी. कागदावर हे उत्तम आहे. परंतु पेढी काढली म्हणून कर्ज मिळतेच असे नाही, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे! श्रेयांक जमा असणे निराळे आणि समोरच्या कॉलेजाने ते मानून जागा देणे निराळे. शिवाय एक वर्षानंतर बाहेर पडण्याचे दार उघडे ठेवले, तर त्या दाराने आधी कोण बाहेर पडेल? ज्याच्या घरी चूल थंड आहे तो. म्हणून आमची मागणी अशी की परत आत येण्याचे दारही तेवढेच रुंद हवे, आणि शिष्यवृत्ती कॉलेज बदलल्याने अडकता कामा नये.

चित्रकलेच्या मुलांना दोन शब्द निराळे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट झाली म्हणजे सगळे झाले असे समजू नका. फाउंडेशन, कलाशिक्षक पदविका आणि बी.एफ.ए. या तीन वेगळ्या वाटा आहेत. बी.एफ.ए.साठी बारावी आणि राज्याची सी.ई.टी. लागते. ज्याला पुढे मुंबईस जायचे त्याने हे दहावीलाच जाणून घ्यावे. आणि पोटाचे म्हणाल तर कलाशिक्षकाच्या भरतीची वाट पाहत बसलेली पोरे आम्ही ओळखतो; ते लपविण्यात अर्थ नाही. फ्लेक्स आला आणि गावोगावचे पेंटर बसले. आमच्या मोर्चाचे फलकही आता छापून येतात, आणि सगळे एकसारखे दिसतात. पण छापखान्यातल्या संगणकावर बसणाऱ्यालाही अक्षराचे वळण कळावे लागते, आणि ज्याला कळते त्याच्याकडे गिऱ्हाईक थांबते, हेही पाहतो आहोत.

त्या हमालबंधूला आम्ही शेवटी सांगितले ते असे: चित्र काढून पोट भरेल याची हमी आम्ही देत नाही, आय.टी.आय. करून भरेल याची तरी कोण देतो? मुलगी येथे आहे तोवर खर्च झेपण्याजोगा आहे. तिला इतिहासही शिकू द्या आणि ब्रशही धरू द्या. दोन वर्षांनी आपण दोघे मिळून पुन्हा बसू. तो काही बोलला नाही, पण गुणपत्रिका घडी घालून खिशात ठेवली, आणि आठवड्याने प्रवेशअर्ज घेऊन आला.

या जूनपासून दर रविवारी सकाळी युनियनच्या कचेरीत आम्ही एक टेबल मांडणार आहोत. दोन निवृत्त शिक्षकांनी बसण्याचे कबूल केले आहे. पुढे कॉलेज बदलायचे असेल तर कोणते विषय घ्यावेत, शाळा सोडल्याचा दाखला व स्थलांतर प्रमाणपत्र कधी काढावे, श्रेयांकांचे खाते कसे उघडावे, हे ते सांगतील. ज्या कॉलेजात जायचे त्याला आधीच पत्र लिहून लेखी उत्तर मागवायचे, आणि ते पत्र आम्ही युनियनच्या कागदावर लिहून देऊ. सभासद नसलेल्यांनीही यावे. येताना गुणपत्रिकेच्या दोन झेरॉक्स प्रती आणाव्यात, आणि शक्य तर मुलीला बरोबर आणावे. नुसत्या बापाशी बोलून काम होत नाही.